टायटनवरून शनी काढताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत एक चित्र हमखास दिसतं. काळंभोर आकाश, खाली टोकदार सुळके, वर कड्यांसकट भला मोठा शनी आणि सगळीकडे टूथब्रशने उडवलेल्या चांदण्या. खाली ठळक अक्षरांत नाव, ‘टायटनवरून दिसणारा शनी’. रंगकाम बऱ्याचदा सुरेख असतं. पण टायटन या शनीच्या चंद्रावर यातलं जवळपास काहीच दिसणार नाही.

टायटनला दाट हवा आहे. जमिनीवरचा हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट, तापमान उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि वर नारिंगी धुरक्याचा जाड थर. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान तिथे उतरलं, तेव्हा फोटोत आले ते गोलसर झालेले बर्फाचे गोटे आणि नारिंगी, मंद उजेड. त्या धुरक्यातून साध्या डोळ्यांना ना शनी दिसेल, ना चांदण्या. समजा धुरकं बाजूला सारलं, तरी टायटन जवळजवळ कड्यांच्याच प्रतलात फिरतो. त्यामुळे कडी दिसतील ती बाजूने, एखाद्या बारीक रेघेइतकीच.

ही चूक मुलांची नाही, ती फार जुनी आहे. १९४४ साली चेस्ली बोनस्टेल या अमेरिकी चित्रकाराने टायटनवरून दिसणारा शनी रंगवला, निळ्या स्वच्छ आकाशात. टायटनला मिथेनयुक्त वातावरण असल्याचं त्याच वर्षी जाहीर झालं होतं आणि धुरकं किती दाट आहे हे १९८०च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-१ यान जवळून गेल्यावर नीट कळलं. बोनस्टेलला तेव्हा जेवढं ठाऊक होतं, त्यावर त्याने प्रामाणिकपणे चित्र काढलं. आपल्या हाताशी ह्युजेन्सचे फोटो आहेत, तरी आपण त्याचीच नक्कल करत राहतो, हे मात्र मला पटत नाही.

कडी उघडी, तिरपी, रुबाबदार हवीच असतील तर आयपेटस हा चंद्र निवडा. त्याची कक्षा कड्यांच्या प्रतलाशी सुमारे १५ अंशांनी कललेली आहे आणि त्याला नावापुरतीही हवा नाही. शनीच्या मोठ्या चंद्रांपैकी कडी अशी देखणी दिसतील ती इथूनच. फक्त तिथून शनी लहान दिसतो, आपल्या चंद्राच्या चौपट रुंद. चित्र भरत नाही म्हणून तो फुगवू नका. पुढची जमीन चांगली रंगवा.

गोळा केवढा काढायचा?

इथे सगळे अंदाजाने चालतात. ताटलीभोवती पेन्सिल फिरवली की झाला ग्रह! त्यापेक्षा हात लांब करा आणि मोजा. करंगळीचं टोक आकाशात साधारण १ अंश झाकतं, मूठ १० अंश आणि ताणलेली वीत साधारण २० अंश. पौर्णिमेचा चंद्र फक्त अर्धा अंश असतो, म्हणजे करंगळीआड दोनदा मावेल. हे सांगितल्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. रात्री करून बघा.

आता हेच माप तिकडे न्या. आयो आणि युरोपा हे गुरूचे चंद्र. आयोवरून गुरू सुमारे १९ अंशांचा दिसतो, म्हणजे जवळजवळ अख्खी वीत. युरोपावरून १२ अंश, मुठीपेक्षा थोडा मोठा. धुरकं नसतं तर टायटनवरून शनीचा गोळा साडेपाच अंशांचा, म्हणजे अर्धी मूठ दिसला असता. आयोचं माप ऐकल्यावर ‘इतला मोठा?’ म्हणणारी पोरं टायटनचं ऐकून हिरमुसतात, पण आकडे असेच आहेत. मग तुमचा कागद किती अंशांचं आकाश दाखवतो ते ठरवा. कागदाची रुंदी ६० अंशांची धरली, तर आयोवरचा गुरू त्या रुंदीचा साधारण तिसरा हिस्सा व्यापेल आणि युरोपावरचा पाचवा.

पाटणादेवीच्या देवळामागे चंद्राच्या जागी शनी दाखवण्याची कल्पना चाळीसगावकडच्या मुलांना फार आवडते आणि मलाही. याच परिसरात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, तेव्हा मोजून काढायला याहून चांगली जागा नाही. शनी चंद्राच्या अंतरावर आणला तर गोळा होतो सुमारे १८ अंशांचा आणि मुख्य कडी टोकापासून टोकापर्यंत ४० अंशांची, म्हणजे दोन विती. देवळापासून तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर कळस कुठे येतो ते ठरेल, म्हणून आधी तुमची उभी राहण्याची जागा नक्की करा.

चित्र ‘खोटं’ वाटतंय, पण का ते कळत नाही

दहातल्या आठ वेळा दोष उजेडाचा असतो. जमिनीवरच्या खडकांच्या सावल्या डावीकडे, वरच्या ग्रहाचा उजळ भागही डावीकडे, म्हणजे दोन सूर्य झाले. कागदाच्या कडेला पेन्सिलने बारीक बाण काढा, सूर्य कुठे आहे त्याचा. मग प्रत्येक गोष्ट त्या बाणाला विचारून रंगवा.

नियम अवघड नाही. आकाशातला ग्रह कोरीसारखा बारीक असेल, तर सूर्य त्याच्याच दिशेला, चित्राच्या समोरच्या बाजूला असतो. मग खडकांच्या सावल्या तुमच्याकडे यायला हव्यात. ग्रह पूर्ण उजळलेला असेल, तर सूर्य तुमच्या पाठीमागे असतो आणि सावल्या तुमच्यापासून दूर जातात. पूर्ण गुरू आणि अंगावर येणाऱ्या सावल्या एका चित्रात जमत नाहीत. कोरीच्या दोन टोकांमधल्या काळ्या भागात चांदण्या टाकण्याची सवयही मोडा. तिथे ग्रहाचाच अंधारा भाग असतो, तो मागचं आकाश झाकतो. शनी काढत असाल तर ग्रहाची सावली कड्यांवर आणि कड्यांची सावली ग्रहावर पडते, ती विसरू नका. कड्यांच्या दोन टोकांना टोक काढण्याचीही खोड आहे. इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी लंबवर्तुळ घोटलेल्या मुलांनी तरी हे करू नये, लंबवर्तुळ टोकाशी गोलच वळतं.

‘युरोपावर गुरू उगवतो’ असं नावही देऊ नका. हे मोठे चंद्र ग्रहाकडे कायम एकच बाजू ठेवून फिरतात, म्हणून त्यांच्यावर उभं राहिलं तर ग्रह आकाशात जवळजवळ एकाच जागी टांगलेला दिसतो. फक्त त्याच्या कला बदलतात. १९६८च्या डिसेंबरात अपोलो-८ मधून काढलेला उगवत्या पृथ्वीचा प्रसिद्ध फोटो चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून घेतला होता, जमिनीवरून नाही.

सातपुड्याचा निळा रंग घरी ठेवा

रावेर-यावलकडून सातपुडा बघायची सवय असलेल्या माणसाचा हात दूरच्या डोंगराला आपोआप फिका निळा रंग लावतो. ते बरोबरच आहे, मधली हवा रंग उतरवते. पण आयो, युरोपा किंवा आपल्या चंद्रावर हा फिकेपणा आणणारी हवाच नाही. तिथे दूरचा डोंगर जवळच्या दगडाइतकाच करकरीत दिसायला हवा. खोली दाखवायची तर एकामागे एक आकार झाकत जा आणि क्षितिज जवळ आणा. एन्सेलॅडस या शनीच्या फक्त ५०४ किलोमीटर व्यासाच्या चंद्रावर सपाट जागी उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम ९०० मीटरवर असतं, पृथ्वीवर ते साडेचार किलोमीटरच्या आसपास असतं. उलट मंगळावर आणि टायटनवर हवा आहे, तिथे दूरचं फिकं करा, मात्र निळं नाही. मंगळाचं दिवसाचं आकाश धुळीमुळे पिवळट-तपकिरी आणि सूर्यास्ताला सूर्याभोवती निळसर, म्हणजे आपल्या नेमकं उलट. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग-१ यानाचा पहिला रंगीत फोटो घाईत निळ्या आकाशासह बाहेर पडला आणि मग दुरुस्त करावा लागला.

चंद्रावरचे सुळके हीसुद्धा बोनस्टेलच्या काळातली देणगी. अपोलोच्या फोटोंत डोंगर गोलाईचे निघाले, कारण अब्जावधी वर्षं बारीक उल्कांचा मारा त्यांची टोकं झिजवत असतो. दगडाच्या अभ्यासासाठी मात्र लांब जायला नको. धुळे-नंदुरबारकडचा काळा दगड बेसाल्ट आहे आणि चंद्रावरचे काळसर सपाट डागही बेसाल्टचेच. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याची स्केचेस करा. फक्त पावसाने पाडलेल्या घळी आणि ओहोळ चित्रात उचलू नका, चंद्रावर पाऊस पडत नाही.

रंग आणि अंधार

नेटवरून फोटो घेताना तो खऱ्या रंगांचा आहे की मुद्दाम भडक केलेला, हे बघा. नेपच्यून गडद निळा आणि युरेनस फिका, हे आपण वर्षानुवर्षं रंगवलं. व्हॉयेजर-२ ची १९८९ची चित्रं बारकावे दिसावेत म्हणून गडद केली होती. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोघेही जवळपास सारखेच हिरवट-निळे आहेत, नेपच्यून किंचित जास्त निळा.

लांबचा ग्रह म्हणजे काळोख, असंही समजू नका. प्लूटोवर सूर्य टिकलीएवढा ठिपका दिसतो आणि उजेड आपल्या हजारावा हिस्सासुद्धा नसतो. तरी भर दुपारी तो पौर्णिमेच्या चांदण्याच्या शेकडो पट असतो, पुस्तक आरामात वाचता येईल. एवढ्या उजेडात जमीन नीट दिसेल असा फोटो काढला तर चांदण्या येत नाहीत. अपोलोच्या फोटोंतलं आकाश म्हणूनच कोरं काळं आहे. शिंतोडे उडवायचेच असतील तर रात्रीचा देखावा निवडा.

जे कुणी पाहिलंच नाही ते

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची जमीन कुणी पाहिलेली नाही. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांची २०१७ पासून फिरणारी सगळी निसर्गदृश्यं कल्पनेतली आहेत. तिथे कल्पनेला मोकळीक आहे, पण ताऱ्याला रक्तासारखा लाल रंगवण्याची नाही. त्याचं तापमान अडीच हजार केल्विनच्या थोडं वर आहे. त्याचा उजेड जुन्या पिवळ्या बल्बसारखा पडेल. लाल खुजा तारा असला तरी त्याच्या ट्रॅपिस्ट-१ई या ग्रहावरून तो आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल, कारण ग्रह त्याला अगदी चिकटून फिरतो.

भारताने नाव दिलेला ‘संतमस’ हा ग्रहही मुलं काढतात. ‘बिभा’ या ताऱ्याभोवती तो सुमारे दोन दिवसांत फेरी मारतो. तो तापलेला वायूचा गोळा आहे. त्यावर दगड, डोंगर आणि झेंडा रोवणारा अंतराळवीर काढू नका, उभं राहायला तिथे जमीनच नाही. तो अंतराळातून दिसतो तसा काढा.

एआयकडून चित्र करवून घेत असाल तर वरच्या सगळ्या चुका तिथेही सापडतील, शिवाय कडी ग्रहाच्या पुढून जाऊन मध्येच गडप होतात. प्रिंट काढण्यापूर्वी कडं बोटाने पूर्ण फिरवून बघा. आणि चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ हा शब्द लिहा, सोबत दोन ओळी: यातलं मोजलेलं काय आणि मनाने घातलेलं काय. परीक्षक हमखास तेच विचारतात.