बारावीनंतर जीवशास्त्रात सलग पाच वर्षे: कोल्हापुरातून तयारी कशी करावी

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की पालक भेटायला येतात. "मॅडम, मेडिकल हुकलं. आता बी.एस्सी.च करावं लागणार, दुसरं काय?" मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. त्यांच्या मुलीला जीवशास्त्र मनापासून आवडत असतं. बारावीनंतर थेट पाच वर्षांत पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही देणारे उत्तम अभ्यासक्रम देशात आहेत, पण त्यांच्या अर्जांची मुदत तोवर केव्हाच संपलेली असते. म्हणून हा लेख अकरावीत असलेल्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी आत्ताच वाचावा.

आधी आवड तपासा

ही पहिली पायरी, आणि ती घाईत उरकू नये. डॉक्टर होण्याची इच्छा वेगळी आणि जीवशास्त्राची आवड वेगळी. दोन्ही एकाच मुलात असू शकतात, पण दोन्हींचा अभ्यास वेगळ्या वाटेने जातो.

मी मुलांना पावसाळ्यात पन्हाळ्याकडे घेऊन जाते. एकदा तिथे कंदीलपुष्पाचा वेल फुललेला सापडला. या प्रजातीतल्या कितीतरी जाती सह्याद्रीखेरीज कुठेच सापडत नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात डॉ. एस. आर. यादव यांनी त्यांच्यावर आयुष्यभराचं काम केलं आहे. फूल तोडायचं नाही, असं बजावून मी मुलांना भिंगं दिली. फुलाची नळी खाली फुगीर असते आणि आतून तिला खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासाने आत उतरते, पण केसांमुळे तिला वर येता येत नाही. पुढे केस सुकतात आणि माशी अंगावर पराग घेऊन सुटते. एका मुलीने वेलाखाली गळून पडलेलं फूल उचललं, ब्लेडने नळी उभी चिरली आणि बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, "मॅडम, केस आपोआप सुकतात, की माशी आत आल्यामुळे सुकतात?"

उत्तर मला सांगता आलं नाही. पण ही मुलगी या वाटेची आहे, हे मला तिथेच कळलं. आपल्या मुलाला असे प्रश्न पडतात का, ते बघा. त्याच्या जीवशास्त्राच्या गुणांवरून हे कळत नाही. राधानगरीच्या जंगलात गवा बघायला गेल्यावर तो फक्त फोटो काढतो, की शेणात काय आहे तेही वाकून बघतो, यावरून जास्त कळतं.

अकरावीत गणित सोडू नका

नीट द्यायची म्हणून पुष्कळ मुलं अकरावीला गणित टाकून फक्त बी ग्रुप घेतात. शक्य असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. भार वाढतो, हे मी रोज बघते. तरीही ठेवा, कारण आजचं जीवशास्त्र आकडेवारीवर आणि संगणकावर चालतं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या चार वर्षांच्या पदवीला तर बारावीला गणित असावंच लागतं.

ज्यांनी गणित आधीच सोडलं आहे त्यांनी धीर सोडू नये. आयसरला, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांना, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांपैकी कोणतेही तीन विषय बारावीला असले तरी चालतात.

परीक्षा ओळखून घ्या

एमएचटी-सीईटीचे गुण इथे कामाला येत नाहीत. परीक्षा मुख्यतः दोन आहेत.

पहिली म्हणजे आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे आयएटी. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर अशा सात आयसरमधला पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम तिच्यातून मिळतो. पुण्याचं आयसर २००६ साली सुरू झालं. ते पाषाणला आहे, म्हणजे आपल्यापासून साडेचार-पाच तासांवर. बारावीला साठ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पंचावन्न. पेपर तीन तासांचा आणि संगणकावर असतो. चारही विषयांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं तर १ गुण वजा. एकूण गुण २४०.

आता बी ग्रुपच्या मुलांनी हिशेब करावा. गणिताचे १५ प्रश्न सगळे सोडले तर ६० गुण बसल्या जागी गेले. म्हणून संच, क्रमपर्याय-संयोग, संभाव्यता, आव्यूह (मॅट्रिक्स) असे सुटे धडे निवडा आणि रविवारी दोन-दोन तास त्यांना द्या. पाच-सहा प्रश्न खात्रीने सुटले तरी मोठा फरक पडतो. अभ्यासाला एनसीईआरटीची पुस्तकं हवीतच, नुसत्या बालभारतीवर थांबू नका. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांनी मात्र आधी बालभारतीचा धडा नीट समजून घ्यावा आणि मग एनसीईआरटी उघडावं. शब्द अडतात, विषय अडत नाही.

दुसरी परीक्षा नेस्ट. तिच्यातून भुवनेश्वरजवळचं नायसर आणि मुंबईत कलिना संकुलातलं सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस इथे पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. आयएटीची तयारी झाली असेल तर नेस्टसाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान संस्थेतही पाच वर्षांची एम.एस्सी. आहे, तिची प्रवेशपरीक्षा वेगळी असते.

आयएटीचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास, म्हणजे बारावीचा निकाल लागायच्या आधी भरायचे असतात. आणखी एक गोष्ट पालकांना माहीतच नसते. बारावी किती वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेली चालते, यावर आयसरला मर्यादा असते. नीटसाठी गॅप घेत राहिलं की हे दार बंद होऊ शकतं. गॅप घ्यायचीच असेल तर पहिल्या प्रयत्नाच्या वर्षीच आयएटी देऊन टाका.

दाखले केंद्राच्या नमुन्यात काढा

माझ्या एका विद्यार्थ्याची जागा ऐनवेळी हातची जायची वेळ आली होती, आणि कारण होतं फक्त एक कागद. त्याला नॉन-क्रिमीलेयर दाखला राज्याच्या नमुन्यात मिळाला होता. त्याच्या वडिलांनी ऊसतोडीच्या दिवसांत तीन हेलपाटे घातले.

आयसर, नायसर या केंद्राच्या संस्था आहेत. त्यामुळे ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातले लागतात. सेतूत अर्ज देतानाच "केंद्राच्या नमुन्यात हवा" असं स्पष्ट सांगा, आणि नमुना छापूनच सोबत न्या. राज्याचा एसईबीसी दाखला या संस्थांत चालत नाही. मराठा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी, शेती पाच एकरांपेक्षा कमी आणि बाकीच्या अटीही पूर्ण होत असतील, तर इथे ईडब्ल्यूएसमधून अर्ज करता येतो. कुणबी ही जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे, त्यामुळे कुणबी दाखला असलेल्यांनी ओबीसीतून अर्ज करावा.

खर्चाची काळजी असेल तर इन्स्पायर शिष्यवृत्तीची माहिती काढा. ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे, त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेतलेल्या मुलांना ती साध्या बी.एस्सी.लाही मिळू शकते. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र हे विषय तिच्या यादीत आहेत, जैवतंत्रज्ञान नाही. बी.एस्सी.चा विषय ठरवण्याआधी हे ध्यानात घ्या.

जागा मिळाली नाही तर कोल्हापुरातच

हा मार्ग कमी प्रतीचा मानू नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार बी.एस्सी. तीन वर्षांची किंवा चार वर्षांची ऑनर्स करता येते. तीन वर्षांनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची, ऑनर्सनंतर एक वर्षाची. कसंही केलं तरी पाच वर्षंच होतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. आपल्या महाविद्यालयात त्याची सोय आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारा. शिवाजी विद्यापीठात वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र असे विभाग आहेत, आणि राधानगरीसारखं जागतिक वारसा यादीतलं जंगल आपल्या जिल्ह्यातच आहे. फिल्डवर्कसाठी इतकी जवळची जागा मिळणं ही मोठी सोय आहे. तीन वर्षांनी पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेरच्या संस्थेत जायचं असेल तर आयआयटी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा खुल्या आहेत.

आत गेल्यावर

आयसरमध्ये सुरुवातीला सगळेच विषय शिकावे लागतात. जीवशास्त्रासाठी गेलेल्या मुलांना तिथे गणित-भौतिकशास्त्र जड जातं आणि पहिल्याच सत्रात घरी रडत फोन येतात. तेव्हा परत बोलावून घेऊ नका, वरच्या वर्गातल्या मुलांची मदत घ्यायला सांगा. पुढे आवडीचे विषय निवडता येतात. पाचवं वर्ष मुख्यतः संशोधनाचं असतं, त्यात प्रबंध लिहायचा असतो.

त्यासाठी मार्गदर्शक शोधायला चौथ्या वर्षीच लागावं. ई-मेल पाठवायचा तो एकेका प्राध्यापकांना वेगळा. "मला संशोधनाची आवड आहे" असं लिहून काही कळत नाही. त्यांचा एक शोधनिबंध पूर्ण वाचा, त्यातल्या एखाद्या आकृतीविषयी पडलेला प्रश्न तीन-चार ओळींत लिहा, आपण कोणती उपकरणं हाताळली आहेत ते सांगा आणि गुणपत्रक जोडा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या. तरीही आलं नाही तर यादीतल्या पुढच्या नावाचा शोधनिबंध वाचायला घ्या.