रजिस्टरमध्ये अपघात शून्य? मग मोजण्यातच गडबड आहे

इंदूरला साइटवर सुपरवायझर म्हणून चौदा वर्षं झाली, आधी विजयनगरकडे, आता सुपर कॉरिडोरच्या बाजूला, आणि ज्या साइटच्या रजिस्टरात वर्षभर एकही अपघात नाही तिथे मला उलट जास्त भीती वाटते. बेलदाराच्या पायात सेंटरिंगचा (स्लॅबखालच्या साच्याचा) खिळा घुसतो, मुकादम हळद लावतो, धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा नाही, बेलदार दोन दिवस खोलीवर झोपून, वर हजेरी कापली जाते. लिहिलं कुठे? कुठेच नाही.

तर आधी मोजायचं कसं ते बघू. दुखापतीमुळे माणूस पुढच्या पाळीला कामावर येऊ शकला नाही, तर तो लॉस्ट टाइम अपघात. आपल्याकडे आयएस ३७८६ या भारतीय मानकात फॉर्म्युला दिलाय: असे अपघात गुणिले १० लाख, भागिले सगळ्यांनी मिळून केलेले कामाचे तास. समजा ६० मजूर, ९ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १४,०४० तास, सहा महिन्यांचे ८४,२४०. त्यात दोन अपघात झाले तर दर येतो २३.७. अपघातांच्या ऐवजी वाया गेलेले दिवस धरले की सिव्हिरिटी रेट (दुखापती किती गंभीर, त्याचा दर) निघतो, त्यात मृत्यूचे ६,००० दिवस धरतात. अमेरिकन पद्धतीत १० लाखाच्या जागी २ लाख तास घेतात, त्यामुळे कोणी आपला आकडा छोटा करून दाखवत असेल तर आधी विचारा की भिया, गुणलंय कितीने?

तासांवर मोजायचं कारण इथल्या माणसाला लगेच कळेल. होळीच्या आधी भगोरिया लागला की झाबुआ-अलीराजपूरचे मजूर गावी जातात आणि साइट अर्धी रिकामी होते, त्या महिन्यात अपघात कमी दिसले तर त्यात आपलं काय कौतुक!

पण लहान साइटवर हा दर फार उड्या मारतो. वरच्याच उदाहरणात एक अपघात कमी झाला असता तर दर थेट ११.९ वर, म्हणजे निम्मा, आणि सुधारलं तर काहीच नाही. म्हणून छोट्या ठेकेदाराने दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. एक म्हणजे आठवड्याचा राउंड: परांचीला (इथे सगळे पाडच म्हणतात) कठडा आहे का, शिडी वर बांधलीये का, लिफ्टच्या डक्टला दार आहे का, व्हायब्रेटरची वायर पाण्यात पडलीये का, अशा ४० जागा बघायच्या, ३१ ठीक निघाल्या तर ७७.५ टक्के, पुढच्या आठवड्यात त्याच जागा परत. राउंडची वेळ मात्र बदलत राहा, नाहीतर साहेब यायच्या आधी पाच मिनिटं सगळे हेल्मेट घालून बसतात.

दुसरी म्हणजे थोडक्यात वाचलेले प्रसंग, आणि खरा माल इथेच आहे. एका जुन्या साइटवर स्लॅबमधल्या ओपनिंगवर प्लाय नुसता ठेवलेला होता, खिळे नाहीत. एक पोरगा तो उचलून चालायला लागला, प्लाय तोंडासमोर, खालचं भोक दिसणार कसं, मागच्या मिस्त्रीने कॉलर धरली म्हणून वाचला. मी विचारलं तर म्हणतो, “कुछ नहीं हुआ साहब.” मीही लिहिलं नाही. तीन आठवड्यांनी त्याच मजल्यावर दुसरा माणूस तसाच पडला, कंबर मोडली. तो पहिला प्रसंग लिहिला असता तर दोन किलो खिळे आणि लाल रंगाचा एक डबा, एवढ्यात काम झालं असतं.

आता सुधारणा. हेल्मेट वाटून फोटो काढणं सगळ्यात सोपं, म्हणून सगळे तेच करतात. हेल्मेट हवंच, पण ते शेवटचं. आधी धोकाच काढता येतो का बघा (सळ्यांच्या रिंगा खाली बांधून वर चढवता येतात), मग कठडा, जाळी, झाकण, आणि त्यानंतर सेफ्टी बेल्ट. बेल्टचा हुक बांबूला अडकवलेला दिसला तर तो दागिना समजा. मातीत दीड मीटरपेक्षा खोल चारी असेल तर आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय कोणाला उतरवू नका आणि काढलेली माती कडेलाच ढीग करून ठेवू नका, आपली काळी माती पावसात कशी बसते ते सगळ्यांना माहितीये. टेंपररी कनेक्शनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

पीठ्यावरून (मजूर अड्ड्यावरून) आणलेला नवा माणूस पहिला आठवडा उंचीवर नको. सकाळची पाच मिनिटांची सूचना मुकादमाला भिलीत द्यायला लावा, आपल्या शुद्ध हिंदीला सगळे नुसती मान हलवतात. ज्याने धोका सांगितला त्याची हजेरी कापली किंवा चारचौघांत झापलं, तर त्या दिवसापासून हे प्रसंग लिहायची तुमची वही कोरी.

वहीत शेवटचा रकाना ‘दुरुस्त कधी केलं’ हाच ठेवा, तारखेसकट. सोमवारी मस्टर भरतानाच जुन्या नोंदी बघून घ्यायच्या, दहा मिनिटं लागतात. आणि वही सिमेंटच्या गोदामात ठेवू नका, आमच्या दोन तिथेच हरवल्या.