डेलावेअर नदीत स्मॉलमाउथ बास कसा पकडावा

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना डेलावेअर नदी गाडीने तासाभरावर. फ्रेंचटाउन गावापासून वर डेलावेअर वॉटर गॅप या खिंडीपर्यंत तिचा तळ दगडगोट्यांचा आहे, आणि स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाला असाच तळ लागतो. मासा लागेना की लोक आमिषाचा रंग बदलत बसतात. बहुतेक वेळा चुकलेलं असतं ते आमिषाचं वजन.

आधी परवाना. सोळाव्या वर्षापासून तो लागतो. या सीमेवरच्या पट्ट्यात न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनिया, कुठल्याही एका राज्याचा चालतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत विणीमुळे पकडलेला बास तिथल्या तिथे सोडावा लागतो. नेमक्या तारखा त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा.

सामान थोडंच लागतं. साडेसहा-सात फुटी मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, 2500 आकाराचं रीळ, 8 पौंड ताण सोसणारा तंगूस (गळाची नायलॉनची दोरी). जिग हेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेले गळ, 1/16, 1/8, 3/16 आणि 1/4 औंसाचे (साधारण 2 ते 7 ग्रॅम) थोडे थोडे घ्या. त्यावर 3 ते 3.5 इंची रबरी ट्यूब, म्हणजे एका टोकाला झालर असलेलं पोकळ आमिष, तपकिरी किंवा गडद हिरवी. या माशाचं आवडतं खाणं म्हणजे क्रेफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या शेवंडासारखा जीव), आणि तो साधारण याच रंगाचा असतो. जिग झालरीकडून ट्यूबमध्ये सारा, शिसं पुढच्या टोकाला टेकलं की तंगूस बांधायची कडी रबरातून दाबून बाहेर काढा. गाठीला पाच-सहा वेढे द्या आणि आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडी गाठ आवळताना तंगूस घासून गरम होतो, मग ऐन वेळी तिथेच तुटतो.

आता पाणी वाचा. खळाळ संपून डोह सुरू होतो ती कड, मोठ्या धोंड्यामागचं संथ पाणी, आणि वेगवान व संथ धार एकमेकींना लागून वाहतात ती फेसाची रेघ. बास संथ बाजूला थांबतो आणि वेगवान धारेतून येणारं खाणं टिपतो. पाण्यात उतरण्याआधी काठाजवळच दोन-चार वेळा गळ टाका; नाहीतर मासा असतो तिथेच आपण जाऊन उभे राहतो.

प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरका, धोंड्याच्या दहा फूट वर फेका. ट्यूब तळाला टेकू द्या. मग रॉडचं टोक वर ठेवून ढिला पडणारा तंगूस तेवढा गुंडाळत राहा. ट्यूब ओढायची नाही, तिला धारेनेच वाहू द्यायचं. हाताला टक्... टक्... असे दगड लागले पाहिजेत. दर फेकीला अडकत असेल तर वजन एक पायरी कमी करा. एकही दगड लागत नसेल तर ट्यूब माशाच्या डोक्यावरून निघून चालली आहे, म्हणून एक पायरी वाढवा. गुडघाभर पाण्यात बहुधा 1/8 पुरतो, खोल धारेत 1/4 लागतो. खळाळातून डोहात गेलात की पुन्हा बदला. आळस नडतो तो इथेच.

दंश दर वेळी जोरदार नसतो. टकटक मध्येच थांबते, किंवा तंगूस धार सोडून आडवा सरकतो. लगेच रॉड झटक्यात उचला, कारण रबराची चव कळली की मासा थुंकतो. लागल्यावर तो उड्या मारतो. टोक खाली, एका बाजूला धरा आणि तंगूस ढिला पडू देऊ नका.

दगडात अडकलं तर सरळ खेचू नका, गळ आणखी रुततो. तंगूस ताणा, चिमटीत धरून धनुष्याच्या दोरीसारखा मागे ओढा आणि सोडा. नाही सुटलं तर वरच्या अंगाला जाऊन उलट्या दिशेने ओढा.

मांडीच्या वर पाणी नको. गोटे शेवाळलेले असतात. काठी टेकत, पाय न उचलता सरकवत चला. पडलात आणि धारेने वाहायला लागलात तर पाय पुढे करून पाठीवर वाहत काठाकडे या. वेगवान पाण्यात उभं राहायला गेलं की पाऊल दगडांत अडकतं.

सोडायचा मासा ओल्या हाताने, खालचा जबडा चिमटीत धरून पाण्यातच ठेवा. फोटो हवाच असेल तर पोटाखाली दुसरा हात द्या. धारेकडे तोंड करून धरा. शेपटीने हाताला हिसडा दिला की सोडा.