न्यूज चॅनेल सोडून माहिती कार्यालयात: खानदेशातला माझा अनुभव

बारा वर्षं टीव्हीच्या बातम्यांत काढली. सुरुवात जळगावात स्ट्रिंगर, म्हणजे चॅनेलची बिनपगारी बातमीदार, म्हणून झाली, शेवट उत्तर महाराष्ट्राची ब्युरो चीफ म्हणून. आता चार वर्षं खानदेशातच सरकारी माहिती खात्यात आहे. विद्यापीठात पत्रकारिता शिकणारी मुलं आणि चॅनेलमधले जुने सहकारी दोघंही एकच विचारतात, "ताई, तिकडे यायचं तर काय करावं लागतं?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

आधी कागदांचं. जिल्हा माहिती अधिकारी, सहायक संचालक ही पदं राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची, आणि भरती लोकसेवा आयोगाकडून होते. जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. पदवी आणि पत्रकारितेचं शिक्षण आपल्याकडे असतं. घोडं अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. स्ट्रिंगरला बातमीमागे पैसे मिळतात. नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. मी पहिली पाच वर्षं ज्या चॅनेलसाठी राबले त्यांनी दाखला मागितल्यावर कळवलं, की तुम्ही आमच्या कर्मचारी नव्हता. हातातल्या बूमवर लोगो त्यांचा होता, पुराच्या पाण्यात उभी होते ती त्यांच्यासाठी. ती पाच वर्षं कागदावर मोजलीच गेली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून नोकरीत असतानाच, संबंध चांगले असतानाच, लेटरहेडवर पत्र मागून घ्या: पद, कामाचं स्वरूप, कधीपासून कधीपर्यंत, सही, शिक्का. सोडताना मागाल तर हेलपाटे घालाल.

केंद्राची भारतीय माहिती सेवा हा दुसरा रस्ता. काही ठिकाणी कंत्राटी कामंही असतात, पण त्यात मुदत संपली की पुन्हा शून्यापासून.

कामाची सुरुवात सकाळी कात्रणांनी होते. कोणत्या दैनिकात जिल्ह्याबद्दल काय आलं ते वेचून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायचं. मग प्रेसनोट, मंत्र्यांचे दौरे, बैठका, यशकथा, चुकीच्या बातमीला खुलासा, पत्रकारांच्या अधिस्वीकृतीचे, म्हणजे सरकारमान्य ओळखपत्राचे, अर्ज. निवडणुकीत जाहिरातींचं प्रमाणीकरण आणि पेड न्यूजवर लक्ष. हे सहा महिन्यांत कुणीही शिकतं. मला वेळ लागला तो एक वाक्य लिहायला.

पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की टीव्हीवर आमची पट्टी ठरलेली: 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले, तापीला पूर'. दृश्यं जोरदार, बातमी खरी. खात्यात आल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी प्रेसनोटही तशीच लिहिली. दरवाजे किती, विसर्ग किती क्युमेक (सेकंदाला किती घनमीटर पाणी), नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. संध्याकाळी काठावरच्या एका गावातून आजोबांचा फोन आला. "ताई, आमना गावले पानी कव्हय ई?" म्हणजे, आमच्या गावाला पाणी कधी येईल? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अख्ख्या नोटमध्ये त्यांच्या गोठ्यातली म्हैस कधी सोडायची हे कुठेच नव्हतं. सतर्क राहावे म्हणजे काय करावे, हे लिहिणाऱ्या मलाच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मी पाटबंधारेच्या अभियंत्यांना, तहसील कार्यालयाला एकेक फोन करून विचारलं. पाणी भुसावळच्या खाली कधी पोहोचतं, खाली सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचे दरवाजे कधी उघडणार, कोणत्या फरशीवरून (ठेंगण्या पुलावरून) वाहतूक आधी बंद होते. आता आमच्या नोटमध्ये क्युमेकचा आकडा शेवटी असतो. वर असतं ते गाव, वेळ, बंद होणारा रस्ता आणि फोन नंबर. चॅनेलवाल्यांना पट्टीसाठी दरवाजे हवेच असतात, तेही देतो. पण नोट कुणासाठी, हे ठरलेलं आहे.

टीव्हीतून येणाऱ्यांची खरी ताकद इथे आहे. आपल्याला प्रश्न विचारता येतो. कार्यालयात बसलं की हळूहळू फक्त बाहेर माहिती पाठवण्याची सवय लागते. बाहेरचा प्रश्न आत आणायचं राहून जातं. बैठकीत केळीच्या विम्याचा विषय निघाला, तर रावेर-यावलचा शेतकरी कशावर अडलाय हे अधिकाऱ्यांना तुम्ही सांगितलं पाहिजे. कधी कपाळाला आठ्या पडतात. तरीही सांगावं.

सोडावं लागतं तेही सांगते. वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. ते रुजू होण्याआधी वाचा. स्वतःचं मत आता स्क्रीनवर मांडता येत नाही. मोबाइलवर पाच मिनिटांत बातमी सोडणारी मी, आता नस्ती, म्हणजे फाइल, टेबलावरून टेबलावर फिरताना बघते. पहिलं वर्ष जीव गुदमरला. पण आपल्या सहीने गेलेल्या नोटमध्ये तारीख चुकली, तर धडगावचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून रिकाम्या हाताने परततो. हे कळल्यावर त्या थांबण्याचा राग गेला.

नेमणूक नंदुरबारला मिळाली की अनेकांचा चेहरा पडतो. कृपा करून नाही म्हणू नका. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तुम्हाला जे शिकवेल ते मुंबईतलं कुठलंच न्यूजरूम शिकवणार नाही. आधारची देशातली सुरुवात २०१० मध्ये इथल्याच टेंभलीत झाली. त्या दिवशी सगळे कॅमेरे तिथे होते. माहिती अधिकाऱ्याचं काम कॅमेरे गेल्यावर असतं.

मराठीत छापलेलं पत्रक अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर नुसतं चिकटून राहतं. तिथे भिली, पावरी बोलली जाते. आम्ही आशाताईंच्या आवाजात पावरीतून संदेश रेकॉर्ड करतो. आणि वेळ महत्त्वाची. दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलूप लागतं, माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. होळीला मात्र सगळे परततात. म्हणून सिकलसेल तपासणीची, जातीच्या दाखल्यांच्या शिबिरांची माहिती आम्ही होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात स्पीकरवर लावतो, आणि शिबिराची तारीख त्याच आठवड्यातली ठेवा म्हणून संबंधित विभागाला आधीच, संक्रांतीच्या सुमारास पत्र देतो.