जहाजाच्या मॉडेलवर दोन रंगांमधली रेघ फाटू नये म्हणून

१८६९ च्या ‘कटी सार्क’ या शिडाच्या जहाजाचा तळ पिवळ्या धातूच्या पत्र्यांनी मढवलेला होता, वरची बाजू काळी. अशा जहाजाच्या मॉडेलवर मास्किंग टेप (रंग नको तिथे झाकायची कागदी चिकटपट्टी) लावूनही काळा रंग खाली पाझरतो आणि रेघ दातेरी दिसते. त्यावर उपाय:

१. तळाचा पिवळा रंग रेघेच्या थोडा वरपर्यंत लावा, पूर्ण वाळू द्या.

२. मॉडेल सपाट टेबलावर सरळ, पक्कं बसवा. लाकडी ठोकळ्यावर योग्य उंचीला पेन्सिल आडवी बांधा आणि ठोकळा टेबलावरून सरकवत रेघ मारा. मॉडेल अजिबात हलवू नका.

३. टेपची वरची कड रेघेवर ठेवून नखाने दाबत जा. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर टेपच्या बारीक पट्ट्या कापून लावा, रुंद टेपला तिथे हमखास चुण्या पडतात.

४. आता खरी युक्ती. टेपच्या कडेवर आधी तोच पिवळा रंग पातळ फिरवा. फटीत जे शिरायचं ते पिवळंच शिरतं आणि फट बुजते. तो वाळला की काळ्याचे दोन पातळ हात द्या.

५. शेवटचा हात किंचित ओलसर असतानाच टेप मागे दुमडून सावकाश काढा.

साधी सेलोटेप वापरू नका, खालचा रंगच उचलून येतो.