जुनी बुलेट बांधून झाली, पण सुरूच होत नाही? या चुका टाळा

इंजिनचे काम पूर्ण झालेली, नव्या रंगाची जुनी ३५०ची बुलेट चार-पाच किकमध्ये सुरू झाली नाही की बहुतेकांचा हात थेट पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या नटांकडे जातो, आणि पुढचा सगळा मनस्ताप तिथूनच सुरू होतो. रोज चालणारी गाडी अचानक बंद पडली तर बिघाड सहसा एकच असतो. पूर्ण उघडून बांधलेल्या गाडीत मात्र पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर (पॉइंटवरचा लखलखाट रोखणारा भाग), वायरिंग, टाकी, पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) या सगळ्यांना एकाच वेळी हात लागलेला असतो, आणि तरीही दोषी ठरतो तो कार्बोरेटरच.

म्हणून आधी ठिणगी पाहावी. प्लग काढून, त्याला टोपी लावून, प्लगच्या भोकापासून दूर इंजिनच्या बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांवर (फिनवर) टेकवावा आणि सावलीत किक मारावी. ठिणगी निळी व ठसठशीत हवी. पिवळसर आणि मरगळलेली असेल तर कार्बोरेटरला हात लावण्याचे कारणच नाही. पॉइंटमधील अंतर फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो आणि तेवढ्यानेही ठिणगी मरते, हे अनेकांच्या गावीही नसते. मी जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी पेट्रोलमध्ये भिजवून दोन पॉइंटांमधून ओढतो आणि नंतर कोरडी पट्टी फिरवतो. गाडी थंड असताना सुरू होते, तापली की बंद पडते आणि पॉइंटवर मोठा लखलखाट दिसतो, अशी लक्षणे असतील तर आधी कंडेन्सर बदलून पाहावा. तो स्वस्त असतो, त्यामुळे माझ्या हत्यारांच्या पेटीत एक जादा कंडेन्सर कायम पडलेला असतो.

ठिणगी चांगली असूनही गाडी दगा देते तेव्हा टाकीकडे पाहावे, हा धडा मी तीन रविवार वाया घालवून शिकलो. मित्राच्या वडिलांची बुलेट आम्ही परळमधील चाळीच्या मागच्या अंगणात चार महिने खपून बांधली. पहिल्याच दिवशी ती दोन किकमध्ये सुरू झाली आणि चाळीत पेढेही वाटले गेले. पण दादरपर्यंत सुरेख धावणारी ही गाडी शीव सर्कलच्या अलीकडे आचके देऊन बंद पडू लागली. दर वेळी मित्र टाकीचे झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाही, झाकण लावी, आम्ही चहा घेत असू आणि मग गाडी मुकाट्याने सुरू होई. कार्बोरेटर तापतो आणि चहा होईपर्यंत थंड होतो, असा निष्कर्ष आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने काढला. एका रविवारी कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची पातळी बदलली, दुसऱ्या रविवारी पेट्रोल कमी-जास्त सोडणाऱ्या नीडलची (सुईची) क्लिप एक खाच खाली घेतली आणि तिसऱ्या रविवारी ऑपेरा हाऊसच्या मोटारपार्टच्या दुकानांतून मोठा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा पितळी तुकडा) आणून बसवला. टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडते आणि अर्धी असली की उशिरा, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली होती. तिचा अर्थ मात्र कोणी लावला नाही. शेवटी एकदा रस्त्यावर गर्दी कमी असताना झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ असा आवाज ऐकू आला. झाकणातील हवेचे बारीक छिद्र पॉलिशच्या मळाने बुजले होते. पेट्रोल खाली उतरे, पण त्याची जागा घ्यायला आत हवाच जात नव्हती. भरलेल्या टाकीत मोकळी जागा कमी, म्हणून तिथे पोकळी लवकर निर्माण होई. टाचणीने छिद्र मोकळे करायला दोन मिनिटे लागली. आम्ही केलेले तीन बदल उलटवून, काळाकुट्ट झालेला प्लग साफ करायला मात्र चौथा रविवार गेला. तेव्हापासून एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हा माझा हट्ट आहे. घाई असणाऱ्यांना त्याचा कंटाळा येतो. त्यांनी खुशाल तीन बदल एकदम करावेत, फक्त नंतर मला फोन करू नये.

आता माझ्या सर्वांत नावडत्या चुकीकडे वळतो. मूठ जवळपास सोडलेली असताना पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटमध्ये वायरची एक तार घालून तो साफ करणारे कारागीर मुंबईच्या प्रत्येक गल्लीत भेटतात. जेट पितळेचा असतो आणि पितळ मऊ असते. तारेने छिद्र किंचित वाढले किंवा ओरखडले तरी पेट्रोल-हवेचे मिश्रण बदलते, आणि जेटवर कोरलेला आकडा त्यानंतर खोटा ठरतो. मग हे मिश्रण जुळवणारा एअर स्क्रू कितीही फिरवला तरी गाडी स्लोवर, म्हणजे मूठ सोडून, चालू उभी राहत नाही. मी जेट क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवतो, सकाळी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि अगदीच हट्टी मळ असेल तर गळाची बारीक तंगूस आतून फिरवतो. कार्बोरेटरमध्ये हवा मारण्याआधी फ्लोट व रबरी रिंगा काढून ठेवाव्यात. जेट उजेडात धरल्यावर छिद्र गोल दिसले नाही, तर तो फेकून नवा घ्यावा.

कुठला जेट तपासायचा, हे इंजिनच्या वेगावरून नव्हे, तर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरची मूठ) किती उघडला आहे यावरून ठरते. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्यात. सुरुवातीच्या किंचित उघडीपर्यंत स्लो जेट, साधारण पाव ते पाऊण उघडीत नीडल आणि त्यापुढे मेन जेट यांचे राज्य असते. स्लोवर बंद पडणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणे म्हणजे दुखणे गुडघ्याला आणि पट्टी कपाळाला.

काम सुरू असताना टाकीत राहिलेले जुने पेट्रोल ओतून टाकावे. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पाणी शोषते आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेत ओलावा भरपूर असतो. फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहिले तर तळाशी वेगळा थर दिसू शकतो. जुनी रबरे इथेनॉलने फुगतात, त्यामुळे पाइप आणि रिंगा नव्याच घालाव्यात. कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या फ्लँजचे नट जीव खाऊन आवळू नयेत, कारण फ्लँज वाकतो, फटीतून हवा ओढली जाते आणि थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनचा आवाज लवकर खाली येत नाही.

शेवटी किकविषयी. दहा किक मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही आणि ओलाचिंब असेल तर ते जास्त झाले आहे. दुसऱ्या प्रकारात पेट्रोल कॉक, चोक व इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधील दाब सोडणारा छोटा लीव्हर) ओढून सात-आठ किक माराव्यात आणि कोरडा प्लग बसवावा. त्यानंतर इग्निशन चालू करून किक हळू दाबत न्यावी आणि विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की थांबावे. डीकॉम्प्रेसर ओढून किक आणखी थोडी खाली न्यावी, तो सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मगच संपूर्ण वजन टाकावे.