इरावतीबाईंच्या वाटेने घरातली नाती कशी मांडावीत

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे म्हटलं की लोकांना महाभारतावरचं ‘युगान्त’ आठवतं. मला त्यांचं १९५३ सालचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक जास्त जवळचं. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यावरून एक काम देते: दिवाळीत घर पाव्हण्यांनी भरलेलं असताना आपली नाती कागदावर मांडा.

ड्रॉइंगचा मोठा कागद घ्या आणि पेन्सिल, कारण खोडावं लागतंच. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, नवरा-बायकोमध्ये बरोबरचं चिन्ह. भावंडं एकाच आडव्या रेघेखाली. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मधोमध तुम्ही.

आजोबांना विचारलंत तर बापाकडच्या पिढ्या धडाधड सांगतील, त्यात बाई औषधालाही नसेल. म्हणून आजीकडे, आत्याकडे जा. वही उघडून समोर बसू नका. लसूण सोलायला घ्या आणि सहज विचारा, “आजी, तुझं स्थळ कुणी आणलं गं?” मग माहेरचं गाव, बहिणी कुठं दिल्या, देवक कोणतं, दत्तक कोण गेलं, दुसरेपणावर कुणाला दिलं, सगळं आपोआप निघतं. साल आठवत नसेल तर आमच्या सातारा भागात कोयनेचा भूकंप (१९६७) किंवा बहात्तरचा दुष्काळ, त्याआधी की नंतर, एवढं विचारलं तरी भागतं.

आता प्रत्येक सुनेच्या माहेरापासून सासरी बाण काढा. खरी गंमत इथे आहे. आमच्या कागदावर आजीचा बाण ज्या घरातून निघाला, त्याच घरातून तिची सासूही आली होती. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या! इरावतीबाईंनी नात्यांच्या रीतींवरून देशाचे चार भाग पाडले. उत्तरेत जवळच्या रक्तात सोयरीक वर्ज्य. दक्षिणेत मामाची मुलगी चालते, आत्याची चालते, काही जातींत बहिणीचीसुद्धा. महाराष्ट्र त्यांनी मधल्या पट्ट्यात धरला: इथं बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची नाही. तुमचे बाण पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने जातात का, तेवढं बघा. कोकणस्थांच्या घरी बहुधा हे सापडणार नाही.

इरावतीबाईंनी बर्लिनला कवट्यांची मापं घेऊन डॉक्टरेट मिळवली, १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून गावोगाव माणसांच्या शरीराची मापं घेतली. डोक्यांची मापं घ्यायचं काम मी मुलांना देत नाही. आजी ऐकून घेणार नाही.

कागद फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी तिला दाखवा. सोडचिठ्ठीची, दुसऱ्या घरोब्याची एखादी रेघ तिला नको असेल तर पुसा. आणि जात्यावरच्या ओव्या तिला येत असतील तर मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घ्या; भाऊ, मामा, नणंद यांच्याबद्दल जे ती तोंडाने बोलणार नाही, ते त्यांत असतं.